मालनने उखडलेल्या चार ओळी

दीपकच्या कमरेतला मणका सरकला, त्याला आठ महिने होत आले होते. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि लादीच्या कामात वाकण्यावाचून दुसरं काय असतं! त्याची बायको मालन बारा वर्षं त्याच्याबरोबर कामावर जात होती. आधी सिमेंटचा माल कालवायला आणि टाइल उचलून द्यायला, मग सांधे भरायला. शेवटची चार वर्षं न्हाणीघरांच्या टाइल तीच बसवायची. लोक मात्र म्हणायचे, दीपकने काम चांगलं केलं. तिला त्याचं फारसं काही वाटत नसे.

पावस गावच्या दमयंतीकाकू मयेकरांचा फोन आला तेव्हा तिने नवऱ्याला न विचारताच सांगितलं, "काकू, ह्या खेपेला काम मी घेणार. मी एकटी."

काकूंचे यजमान विठोबा मयेकर बोटीवर इंजिनखात्यात एकतीस वर्षं काढून घरी आले होते. बोटीवर कप्तानाच्या खोलीत लाकडी जमीन होती म्हणे. तशी आपल्या माजघरात आणि पुढच्या खोलीत असावी, हे त्यांनी कधीपासून मनात धरलं होतं.

"काका, लाकूड घालाल आणि दोन पावसाळ्यांत वाळवीला जेवण घालाल," मालन पहिल्याच दिवशी म्हणाली. "घर जांभ्याचं, खालून ओल येते. लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल घ्या. पट्ट्या येतात, आठ इंच रुंद, चार फूट लांब."

"आणि बसवणार कोण? दीपक तर झोपून हाय."

"मी."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकू म्हणाल्या, "आपल्या न्हाणीघराच्या टाइल हिनेच बसवल्यात. चार वर्षांत एक तरी हलली का?" काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तोच होकार समजून मालनने दुसऱ्या दिवशी दोघांना रत्नागिरीतल्या दुकानात नेलं.

दुकानदाराने झकास चकाकणारी पट्टी पुढे केली. दिव्याखाली ती खरोखरच सुरेख दिसत होती, काकूंचा हात तिच्यावरून निघेना. मालनने आपल्या बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं आणि म्हणाली, "काकू, चप्पल काढा आणि ह्याच्यावर पाय ठेवून बघा. काकांचा हात धरा हां." काकूंचा पाय सर्रकन पुढे गेला. मग मालनने खरखरीत, चमक नसलेली पट्टी मागवली. तिच्यावरही पाणी ओतलं. पाय जागचा हलला नाही.

रंगाचा प्रश्न काकूंनीच सोडवला. गडद रंगावर अंगणातली तांबडी धूळ दिवसभर दिसत राहील, म्हणून त्यांनी मधासारखा सागवानी रंग घेतला. मालनने चार पेट्या फोडायला लावल्या. एकाच गाठीचं चित्र दर दोन पट्ट्यांनी आलं तर लाकूड खोटं दिसतं, म्हणून किती निरनिराळी चित्रं आहेत ते मोजलं. रंगात फरक पडू नये म्हणून सगळ्या पेट्यांवरचा लॉट नंबर एकच आहे ना, तेही पाहिलं. वर दोन पेट्या जास्त घ्यायला लावल्या. दुकानदार हसून म्हणाला, "बाई, तुम्ही लग्नाच्या साड्या घेताय काय?"

"साडी आवडली नाही तर कपाटात ठेवता येते," मालन म्हणाली.

काम सुरू झालं त्या सकाळी काकांनी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यात प्रत्येक पट्टीचा सांधा शेजारच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर होता. "हे असं पाहिजे."

मालनने जमिनीवरच्या एका पट्टीवर दुसरी पालथी ठेवली, रंगाच्या बाजू आमनेसामने, आणि पर्समधलं एसटीचं तिकीट काढून दोन घड्या केल्या. पट्ट्यांच्या मध्यावर ते आत शिरेना, टोकाला मात्र अलगद गेलं.

"एवढी लांब टाइल भट्टीतून निघते तेव्हा पोटात जराशी फुगते. एकीच्या पोटाला दुसरीचं टोक लावलं की तिथे उंचवटा येतो आणि चालताना अंगठ्याला ठेच लागते. सांधा सोळा इंचांवर घेऊ, म्हणजे पट्टीच्या एक तृतीयांशावर."

काकांनी तिकीट स्वतःच्या हाताने सरकवून पाहिलं. जन्म यंत्रांत गेलेल्या माणसाला आणखी समजावून सांगावं लागलं नाही. "कर तुझ्या मनाने," एवढं म्हणून ते व्हरांड्यात जाऊन बसले.

माजघराच्या मागच्या भिंतीपासून तिने सुरुवात केली. दीपक नेहमी तसंच करायचा. भिंतीला समांतर दोरी, दातेरी थापीने पसरलेलं टाइल चिकटवायचं केमिकल, वर पट्टी, रबरी हातोड्याचे हलके ठोके. हात सवयीने चालत होते. अकरा वाजेपर्यंत चार ओळी झाल्या, तेव्हा पाणी प्यायला ती उठली आणि दारात जाऊन मागे वळून पाहिलं.

ओळी उंबऱ्याशी जुळत नव्हत्या. मागची भिंतच तिरकी होती. चौकोनी टाइलमध्ये एवढा तिरकेपणा डोळ्यांत भरत नाही, पण इथे प्रत्येक लांब रेघ बोट दाखवून सांगत होती. उंबऱ्यापर्यंत पोचेतो एका बाजूला चांगला दोन इंचांचा फरक पडला असता.

तिने अंगणात जाऊन दीपकला फोन लावला.

"जाऊ दे गो," तो म्हणाला. "शेवटच्या ओळीला टाइल तिरकी काप. वर पायपुसणं येतं. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"मालन, केमिकल धरायला लागलं असेल. आता काढशील तर फुटतील. उगाच नाव खराब होईल."

तिने फोन ठेवला. खरं तर त्याचं ऐकायचं म्हणूनच तिने तो लावला होता. बारा वर्षांत असं कितीदा खपून गेलं होतं, तेही तिला ठाऊक होतं. पण ती माघारी दारात आली, पुन्हा एकदा त्या ओळी पाहिल्या, आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

"काकू, चार ओळी चुकल्या. भिंत तिरकी आहे, ती आधी मापायला हवी होती, मी मापली नाही. आता उखडते."

काकूंनी हातातली कढीची वाटी खाली ठेवली. व्हरांड्यातून काका आत आले. "तरी मी म्हणत होतो..." त्यांनी सुरुवात केली.

"काका, बोला हवं तेवढं, पण मला वेळ नाही. अर्ध्या तासाने ह्या निघणार नाहीत."

ती गुडघ्यांवर बसली. पातळ पोलादी पातं कडेने आत सारायचं, हळूच उचकटायचं, चिकट आवाज करत पट्टी सुटली की काकूंच्या हातात द्यायची. काकू अंगणात बसून ओल्या फडक्याने पट्ट्यांच्या पाठी पुसत होत्या. काका थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मग बादलीभर पाणी घेऊन काकूंशेजारी बसले. चोवीसपैकी तीन पट्ट्या फुटल्या. तिसरी फुटली तेव्हा मालनच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने कोपराने पुसलं आणि पुढची काढायला घेतली.

जेवण झाल्यावर तिने उंबऱ्याच्या एका टोकापासून कडेने तीन फुटांवर खूण केली, त्याच टोकापासून आत चार फुटांवर दुसरी. मग काकांना हाक मारली. "टेपचं हे टोक धरा. दोन खुणांमध्ये बरोबर पाच फूट भरले पाहिजेत."

काका टोक धरून वाकले. "तीन, चार, पाच. काटकोन काढतेस तू! दीपकने शिकवलं?"

"त्याला नाही येत. नववीत होतं. बाईंनी फळ्यावर काढलं तेव्हा वाटलं होतं, ह्याचा काय उपयोग!"

काका मोठ्याने हसले. त्या घरात सकाळपासून पहिल्यांदाच कोणी हसलं. त्यानंतर दोरी धरायला तेच पुढे येऊ लागले, आणि सहाव्या दिवशी सांधे भरून होईपर्यंत एकदाही दीपकचं नाव निघालं नाही.

फरशी वाळल्यावर काकू सकाळच्या उन्हात अनवाणी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. "पायाखाली काहीच लागत नाही गो," त्या म्हणाल्या. पट्ट्यांच्या ओळी उंबऱ्यापासून थेट आतपर्यंत समांतर गेल्या होत्या. तिरकी भिंत मागे कपाटाखाली गेली होती आणि तिथल्या कापलेल्या पट्ट्या शोधूनही दिसल्या नसत्या.

रविवारी दीपक कमरेला पट्टा बांधून रिक्षाने आला. तो उंबऱ्यावर बसला, एक डोळा मिटून ओळींकडे पाहिलं, मग जिथवर हात पोचला तिथवर सांध्यांवरून तळवा फिरवला.

"मी असतो तर ओळी उखडल्या नसत्या," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"बरं झालं मी नव्हतो." तो म्हणाला. "ते तीन-चार-पाच काय करतेस ते मला दाखव एकदा."

मालनने टेप त्याच्या हातात दिली. आतून काका विचारत होते, व्हरांड्याला पण हीच टाइल चालेल का. "नाही चालणार काका, तिथे पाऊस आत येतो, ह्याहून खरखरीत लागेल," तिने ओरडून सांगितलं आणि व्हरांड्याचं माप घ्यायला ती दीपकलाही घेऊन बाहेर गेली.