साखळ्यांची फुली

“साखळ्या सरळ लावू नकोस, रिका. एकीवरून दुसरी घे, फुलीसारखी. कॅम्परचं नाक गाडीवरून निसटलंच तर रस्त्यावर आपटायच्या आधी त्या त्याला झेलतील.”

हा आवाज आता फक्त माझ्या कानात आहे. माझा नवरा मरिनस स्वतः आहे, शुश्रूषागृहात, खिडकीजवळच्या खाटेवर. पण मे महिन्यातल्या पक्षाघाताच्या दुसऱ्या झटक्यानं त्याची वाचा गेली आणि उजवी बाजूही गेली. रोज दुपारी मी जाते, त्याला सूप भरवते, एक स्तोत्र वाचते आणि प्रार्थना करून परत येते. हा माझा नेम. नेम मोडायची मला सवय नाही.

पहिल्या झटक्यानंतर त्याला बोलता येत होतं, जडजड, पण समजेल असं. तेव्हा त्यानं माझं मनगट धरून सांगितलं होतं, “एकदा तळ्याकाठी कॅम्पर उघड. पाण्याच्या बाजूचं कापड वर गुंडाळ. त्या पलंगावर पडून मला पाणी बघू दे. मग काय व्हायचं ते होऊ दे.”

“नेईन,” मी म्हटलं.

खाटेच्या पलीकडे त्याचा धाकटा भाऊ लॅम्बर्ट उभा होता. “वहिनी कुठं ओढत बसणार, दादा? मी नेतो. शब्द दिला.” आणि त्यानं रुमाल काढून डोळे पुसले.

लॅम्बर्ट आमच्या चर्चच्या मंडळीतला एक वडील, म्हणजे पंच आहे. दानाची थाळी तोच फिरवतो. पुढच्या रविवारी पाळकांनी त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली, आणि उपासनेनंतर तळघरात कॉफी पिताना बायका मला म्हणाल्या, “रिका, असा दीर मिळायला भाग्य लागतं.” मी पेपरमिंटची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि मान हलवली. आम्हाला मूल नाही. दीर हेच भाग्य.

आमचा कॅम्पर लहान आहे. मिटलेला असला की दोन चाकांवरची कमरेएवढी पेटी. दांडा फिरवला की छत वर जातं, दोन्हीकडून पलंग बाहेर सरकतात आणि मध्ये कापडाच्या भिंती ताणल्या जातात. मरिनस पिकअप चालवायचा आणि मी मागून फेरी मारायची. निघण्याआधी तो खिडकीतून विचारायचा, मी उत्तर द्यायचे.

“खीळ?”

“बसलीय.”

“साखळ्या?”

“फुली.”

“तार?”

तार म्हणजे एक बारीक दोर. कॅम्पर सुटून मागं राहिलाच तर ती ताणली जाते आणि त्याचे ब्रेक आपोआप लागतात. “अडकवली,” मी म्हणायचे. मग दिवे. डावा, उजवा, ब्रेकचा. एकानं आत पाय दाबायचा आणि दुसऱ्यानं मागं उभं राहून बघायचं, त्याशिवाय ते कळत नाही. इतक्या वर्षांत एकदाही त्यानं हे सोडलं नाही. पाऊस असो, मागच्या गाडीवाला भोंगा वाजवत असो.

लॅम्बर्टला याचं हसू यायचं. “झाली का तुमची कॅथलिकांसारखी जपमाळ?” तो म्हणायचा. आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्याकडे याहून मोठा टोमणा नाही.

ऑगस्टमध्ये तो कॅम्पर मागायला आला. “दादाला न्यायच्या आधी एकदा ओढून बघतो, वहिनी. हात बसायला हवा ना.” आणि नातवंडांना घेऊन आठवडाभर समुद्रासारख्या त्या मोठ्या सरोवरावर जाऊन आला. त्याचं मला वाईट वाटलं नाही. कॅम्पर वापरला की चांगला राहतो. परत आणून त्यानं तो शेडमध्ये ढकलला, मला अंड्यासारखं जपून एक टरबूज दिलं आणि गेला.

दोन आठवड्यांनी मी छत वर घेतलं तेव्हा वास आला. कापड ओलं असतानाच मिटलेलं होतं. कोपऱ्याकोपऱ्यांत काळे ठिपके, पलंगाच्या गादीखाली हिरवट बुरशी. मरिनस पावसात मुक्काम हलवावा लागला तर घरी पोचल्यावर जेवायच्या आधी कॅम्पर उघडायचा, पंखा लावून कापड वाळवायचा. मी व्हिनेगर आणि ब्रश घेऊन चार दिवस घासत बसले. वास गेला, ठिपके राखाडी होऊन राहिले.

आणखी एक दिसलं. कॅम्परच्या नाकाला खालून एक वाटी असते, ती पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसते. त्या वाटीच्या आत ताजे ओरखडे होते, एकाच बाजूला. मी लॅम्बर्टच्या अंगणात जाऊन त्याच्या पिकअपचा गोळा बघितला. आमच्यापेक्षा जराशानं लहान. डोळ्याला कळत नाही इतका लहान. असा गोळा वाटीत बसल्यासारखा वाटतो, खटकाही लागतो, आणि एखाद्या मोठ्या खड्ड्यात वाटी त्याच्यावरून उडी मारून सुटते.

“भावजी,” मी म्हटलं, “तुमचा गोळा लहान आहे. मुलं गाडीत होती.”

“आलो ना घरी?”

“आलात. पण...”

“मग? प्रभूनं आणलं.” तो हसला. “वहिनी, मी चौदा वर्षांचा असल्यापासून बटाट्याच्या गाड्या ओढतोय. तुम्ही दादाची सेवा करा, गोळ्याचं माझ्यावर सोडा.”

कॅम्परच्या शेपटीच्या बाजूला त्यानं सरपणाचे ओंडके भरलेले होते, तेही तसेच ठेवून गेला होता. शेपटी जड झाली की कॅम्पर वेगात डोलायला लागतो आणि पुढच्या गाडीला हलवतो. ते ओंडके मी एकेक करून उतरवले. लॅम्बर्टच्या शब्दावर माझा विश्वास त्या ओंडक्यांबरोबर थोडा थोडा उतरला, असं आज वाटतं. तेव्हा मी फक्त पाठ दुखते म्हणून बसले होते.

सप्टेंबरमध्ये त्याला सफरचंदांचा हंगाम होता. मग नातवाचे फुटबॉलचे सामने. मग सासुरवाडीला बाप्तिस्मा. प्रत्येक वेळी तो म्हणाला, “पुढचा शनिवार, वहिनी, नक्की.” प्रत्येक शनिवारी मी मरिनसला सांगत राहिले, “लॅम्बर्ट येणार आहे.” तो डावा डोळा मिटायचा. त्याचा तो होकार असतो. पुढं पुढं त्यानं डोळा मिटणं सोडलं आणि माझ्याकडे नुसतं बघत राहिला. म्हणून मी सांगणं सोडलं.

मे महिन्यानंतर लॅम्बर्ट भावाला भेटायला एकदाही गेला नाही. मला वाटतं त्याला भीती वाटते. मोठ्या भावाची लाळ पुसायची वेळ येईल याची. भीतीचं मी समजू शकते. पण मंडळीत तो सगळ्यांना सांगत असतो, “दादाला तळ्यावर नेतोय,” आणि सगळे त्याच्या पाठीवर थाप मारतात. ते समजून घ्यायला मला जड जातं.

ऑक्टोबरच्या मध्याला तळ्याकाठची कॅम्परच्या मुक्कामाची जागा बंद होते. नळ सोडून रिकामे करतात, फाटकाला साखळी लावतात. डॉक्टर म्हणाले होते की वसंताची वाट बघू नका. ते वेगळ्या शब्दांत म्हणाले, पण म्हणाले.

शेवटच्या शनिवारी सकाळपासून मी कोट घालून स्वयंपाकघरात बसले होते. रविवारचे बटाटे शनिवारीच सोलून पाण्यात ठेवायचे ही आईची शिकवण, ते ठेवले होते. रविवारी आम्ही काम करत नाही, काही विकत घेत नाही, प्रवास करत नाही. दोनदा उपासनेला जातो, बस्स. फोन दुपारी वाजला.

“वहिनी, आज नाही जमत हो. शिकारीच्या जागेची तयारी करायचीय, पोरं खोळंबलीत.”

“सोमवारी फाटक बंद होतं, भावजी.”

“उद्या तर प्रभूचा दिवस. मग आता वसंतातच नेऊ. तळं कुठं पळून जातंय?”

मी बटाट्यांच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

“वहिनी? आहात ना?”

“आहे.”

“दादाला सांगा, त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो म्हणून.”

“तुम्हीच येऊन सांगा,” मी म्हटलं. माझा आवाज मोठा नाही. त्याला ऐकू गेलं की नाही कळलं नाही, कारण तोवर त्यानं फोन ठेवला होता.

मी शुश्रूषागृहात गेले. ओस्वाल्डो मरिनसची चादर बदलत होता. तो तिथं कामाला आहे, दंडानं दणकट, सगळ्या म्हाताऱ्यांना ‘बॉस’ म्हणतो. तळ्याचं त्याला ठाऊक होतं. माझा चेहरा बघून म्हणाला, “परत नाही?”

“नाही.”

“उद्या माझी सुटी आहे, काकू. बॉसला उचलून ठेवायला एक माणूस लागेल ना? मी येतो. बाहेर न्यायची परवानगी नर्सकडून आत्ताच मागून ठेवतो. उद्या संध्याकाळी सहापर्यंतची मिळेल.”

“उद्या रविवार आहे.”

“मी कॅथलिक आहे. माझी उपासना आज संध्याकाळीच उरकते.” तो हसला, मग माझ्याकडे बघून हसू आवरलं. “तुमचं काय ते तुम्ही बघा. पण कॅम्पर ओढणार कोण? मला फक्त माणसं ओढता येतात.”

मरिनस माझ्याकडे बघत होता.

“मी,” मी म्हटलं.

त्यानं डावा डोळा मिटला.

त्या रात्री मी प्रार्थना केली. उत्तर आलं नाही. अशा वेळी काढता येतात त्या सगळ्या पळवाटा मला पाठ आहेत, साठ वर्षं प्रवचनं ऐकली आहेत. एकही घेतली नाही. नेम मोडायचा तर तो मोडला असं म्हणून मोडावा.

रविवारी उजाडताच शेडचं दार उघडलं. ब्लूबेरीची शेतं लाल झाली होती, गवतावर दहिवर होतं. पिकअप मागं घेताना मी स्टिअरिंग जराजराच फिरवलं. हे मरिनसनं मला एकदा चर्चच्या रिकाम्या आवारात शिकवलं होतं. पहिल्यांदा गोळा वाटीच्या डावीकडे गेला. दुसऱ्यांदा उजवीकडे. उतरायचं, बघायचं, चढायचं. कितीतरी वेळा. शेवटी गोळा बरोबर वाटीखाली आला तेव्हा गवतावरचं दहिवर विरून गेलं होतं.

जॅक फिरवून नाक खाली आणलं, खटका लावला, खीळ घातली. मग जॅक उलटा फिरवून नाक पुन्हा वर उचललं. त्याच्याबरोबर पिकअपची मागची बाजूही वर आली. म्हणजे वाटीनं गोळा धरला आहे. मरिनस याला ‘हात मिळवून बघणं’ म्हणायचा. साखळ्या फुलीसारख्या घेतल्या. तार अडकवली. कॉफीचं भांडं, घडीची खुर्ची, पाण्याचा कॅन, सगळं जड ते चाकांच्या पुढच्या अंगाला ठेवलं. दिव्यांसाठी माणूस नव्हतं, म्हणून गाडी शेडच्या काचेच्या खिडकीपुढं सरकवली, आत बसून पाय दाबला आणि मागं वळून काचेत बघितलं. डावा. उजवा. ब्रेकचा.

तेवढ्यात लॅम्बर्टची मोटार थांबली. कोट, टाय, डोक्याला तेल. उपासनेला निघाला होता.

“वहिनी! हे काय? आज रविवार आहे!”

“हो.”

“लोक बघतायत.”

“बघू देत.”

तो खाली उतरला आणि कॅम्परभोवती निम्मी फेरी मारली. गोळ्यापाशी वाकला नाही. “तुम्हाला झेपायचं नाही. डोलायला लागला म्हणजे?”

“ब्रेक दाबायचा नाही. पाय उचलायचा आणि कॅम्परचा हातानं दाबायचा ब्रेक हळूच लावायचा.”

त्यानं टाय सारखा केला. मग हळू आवाजात म्हणाला, “मंडळीत विचारतील. काय सांगू?”

“रोज सांगता तेच सांगा,” मी म्हटलं. “मरिनसला तळ्यावर नेतायत म्हणून.”

त्याचे कान लाल झाले. क्षणभर वाटलं, आता तो कोट काढील. मी खरंच वाट बघितली. त्यानं घड्याळाकडे बघितलं. “मला थाळी फिरवायचीय,” तो म्हणाला, आणि मोटारीत बसून गेला.

मी खाली उतरून शेवटची फेरी मारली. प्रश्नही माझा, उत्तरही माझंच.

“खीळ?”

“बसलीय.”

“साखळ्या?”

“फुली.”

“तार?”

“अडकवली.”

अंगणाच्या तोंडाशी पिकअप जरा पुढं जाऊ दिला आणि मग मोठा वळसा घेतला, म्हणजे कॅम्परचं चाक गटारात जाऊ नये. मागं एक हलकासा ओढा जाणवला आणि तो तसाच राहिला, मऊ, बरोबरीनं. चर्चची घंटा झाली. थोडं पुढं गेल्यावर कडेला थांबून चाकांचे नट पुन्हा आवळायचे होते, तेही मरिनसनंच सांगून ठेवलं होतं. ओस्वाल्डो त्याला कपडे घालून दारापाशी घेऊन येणार होता. मी सावकाश शुश्रूषागृहाच्या रस्त्याला लागले.