उसने नकाशे

दिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार म्हटलं की आम्ही मास्तर लोक शाळा नटवायचो. ज्याची शाळा टापटीप, त्याचीच मागणी मंजूर होते, अशी आमची भाबडी समजूत. आमची लोकल बोर्डाची शाळा पलूसच्या अलीकडे, मारुतीच्या देवळात भरायची. नकाशा एकच, हिंदुस्थानचा, आणि त्याचा काशीपासून पूर्वेकडचा सगळा भाग उंदरांनी खाल्लेला. चव्वेचाळीस साली मी बोर्डाकडे नवे नकाशे मागितले. ते द्यायचे की नाही, हे साहेब बघून ठरवणार होते.

म्हणजे दैना दाखवायची तीच वेळ. पण मला स्वतःच्या अब्रूची पडलेली! माझा वर्गमित्र शरच्चंद्र सांगलीच्या एका खासगी हायस्कुलात शिकवायचा. तिथे व्यापाऱ्यांच्या देणग्या, भूगोलाला वेगळी खोली. त्याच्याकडून मी सहा नकाशे आणि पृथ्वीचा गोल दोन दिवसांच्या बोलीवर आणला.

सातवीत विजयमाला होती. वडील पलटणीत, इटलीच्या लढाईवर. त्यांचा निरोप पत्रातून आलेला : पोरगी यंदा सातवीची फायनल पास झाली तर मास्तरीण होऊ दे, न्हाईतर वैशाखात लगीन उरकून टाका. ते दोन दिवस ती नकाशांपुढून हलली नाही.

"गुरुजी, आबा हितं हाईत व्हय?" इटलीवर बोट ठेवून तिनं विचारलं.

साहेब आले, भिंती न्याहाळल्या आणि नेमकं तिलाच विचारलं, "नकाशे शाळेचेच ना?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हळूच मान हलवली.

"व्हय सायेब, आमचंच हाईत."

साहेब खूश झाले. त्यांनी शेरा लिहिला : 'साहित्य भरपूर. नवीन नकाशांची जरुरी नाही.' वर माझी पाठ थोपटली. 'साहेब, हे उसने आहेत,' एवढं बोलायला अजून वेळ होता. मी बोललो नाही. आज म्हातारपणीही ते आठवलं की शरमेनं मान वर होत नाही.

तिसऱ्या दिवशी नकाशे सांगलीला परत गेले.

परीक्षेला तासगावच्या केंद्रावर भूगोलाच्या पेपरात हिंदुस्थानचा कोरा नकाशा आला. पाटणा, कलकत्ता, ब्रह्मपुत्रा दाखवायची होती. विजयमाला सगळ्या विषयांत पास झाली आणि भूगोलात चार मार्कांनी राहिली.

निकालाच्या दिवशी आई राहीबाई तिला घेऊन माझ्या दारात आली. आता ही माझी खरडपट्टी काढणार, असं मला वाटलं. काढली असती तर बरं झालं असतं. विजयमाला वाकून पाया पडली.

"गुरुजी, तुमी सांगलीस्नं येवढं नकाशं आणलं, आन् मला ध्येनात ठेवता आलं न्हाई. माजंच चुकलं."

"असू दे," मी म्हणालो.

"आवं गुरुजी, लग्नाला मातूर यायचं बरं का," राहीबाई म्हणाली. "पोरीसाठी लय केलंसा तुमी."

वैशाखात लग्न झालं. पहिल्या पंगतीला मला मानाचा पाट मांडला होता. मी त्यावर बसलो आणि पोटभर जेवलो.