सगळ्या, नाहीतर कोणीच नाही

राळेगावच्या बाजाराच्या दिवशी धुरपताबाईच्या टोळीतली एकही बाई कापूस वेचायला जात नसे. हा नियम तिनेच घातला होता आणि भांडभांडून टिकवला होता. आधी शेतमालक एकेकीच्या दारात जाऊन गोड बोलत. एक फुटली की बाकीच्यांना नाही म्हणता येत नसे, आणि आठवड्यातला हक्काचा एक दिवस हातचा जाई. म्हणून ठरलं, जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही.

कापसाची ती वर्षं वाईटच होती. कधी बोंडअळी, कधी पानं लाल पाडणारा लाल्या रोग, आणि भावाचं तर विचारूच नका. त्यात एका वर्षी ऐन वेचणीत आभाळ भरून आलं. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी शेतमालक गोपालभाऊ तिच्या दारात येऊन उभा राहिला. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत.

"मावशी, बोंडं सारी फुटून राह्यली. उद्या पाणी आलं तं वावरातच सडते. एवढ्या डाव या."

धुरपताबाई विरघळली. दुपारपर्यंतच, असं त्याच्याकडून कबूल करवून घेऊन तिने बायांना बोलावून सांगितलं. प्रेरणाचा चेहरा तेवढा उतरला. नवरा गेल्यावर सासऱ्याने, बापूजीने, तिला माहेरी धाडलं होतं आणि तिची लहानगी लेक पायल ठेवून घेतली होती. बाजाराच्या दिवशी तो नातीला राळेगावला आणायचा. मायलेकींची भेट काय ती तेवढीच, आणि तीही त्याच्या मर्जीवर.

"मावशी, मले सोड ना उद्या," प्रेरणा म्हणाली. "पोरगी वाट पाहीन."

धुरपताबाईच्या जिभेवर 'जाय' आलंच होतं. पण नंदाबाई फणकारली, "तिले सुट्टी तं मले काहून नाही? माह्या घरी का पोरं नाहीत?"

झालं. एकीला सोडलं तर उद्या मालक एकीलाच बोलावतील, ही भीती धुरपताबाईच्या हाडात बसलेली. "दुपारी मोकळ्या होऊन जाऊ, पोरी," ती म्हणाली. "पण सगळ्या, नाहीतं कोणीच नाही."

दुपार झाली तरी अर्धं वावर पांढरंच होतं. गोपालभाऊ हात जोडत फिरत होता, थोडंच राह्यलं म्हणत होता. प्रेरणाचे हात बोंडांवर आणि डोळे सडकेवर. धुरपताबाईला ते दिसत होतं, आणि दिसू नये म्हणून ती मान खाली घालून वेचत होती. उन्हं कलल्यावर मात्र तिचं तिलाच सहन होईना.

"जाय, पळ!" ती ओरडली. प्रेरणा कापसाची ओटी तिथेच टाकून धावत सुटली.

ती पोचली तेव्हा बाजार उठत आला होता. बापूजी पोरीला घेऊन केव्हाच गेला होता. जाताना भाजीवाल्या सोनीबाईजवळ निरोप ठेवून गेला होता, 'मायले पोरीहून रोजी प्यारी हाय. आता मी आणत नाही पोरीले.'

"अन् पायल?" प्रेरणाने विचारलं.

"पहिले लई रडली," सोनीबाई म्हणाली. "मंग आजोबाच्या खांद्यावर झोपून गेली."

पाऊस आलाच नाही. गोपालभाऊचा कापूस कोरडा घरी गेला.

पुढच्या बाजाराला धुरपताबाई स्वतः प्रेरणासोबत गेली. बापूजी फिरकला नाही. मग तिने त्याचं गाव गाठलं आणि भर अंगणात त्याचे पाय धरले. चूक माही हाय, तिची नाही, असं परोपरीने सांगितलं. त्याने तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. पोरगी आत कुठेतरी बोलत होती, ती बाहेर आली नाही. इतकी शरम धुरपताबाईला जन्मात वाटली नव्हती.

त्यानंतरच्या बाजाराच्या सकाळी दुसरा एक शेतमालक, रामलाल, दारात हजर. "गोपालच्या वावरात गेल्या ना? मंग म्या काय घोडं मारलं?"

धुरपताबाईने त्याला उभा आडवा घेतला. "आमची सुट्टी हाय आज. नीघ इथून!"

मागून प्रेरणा आली. ओटी बांधून, डोक्याला फडकं गुंडाळून तयार.

"त्याले वापस धाडू नको, मावशी. मी येतो वेचाले."

"सुट्टी हाय पोरी आज."

"मले कायले पायजे सुट्टी?" प्रेरणाने विचारलं. "दिवसभर घरी बसून करू काय मी?"

बाकीच्या बाया पिशव्या घेऊन बाजाराला निघाल्या होत्या. त्यांचा दिवस मोडून धुरपताबाईला त्यांना हाकही मारता येईना, आणि प्रेरणाला एकटीला जाऊ दिलं तर सगळ्यांचाच नियम मोडत होता.