पाचवं नाव

परीक्षेचे अर्ज सोमवारी बंद होणार होते आणि उरेनवाबाईंच्या कागदावर चारच नावं होती. पाच भरली नाहीत तर वरच्या वर्गाचा इग्बो भाषेचा विषय बंद, असं मुख्याध्यापिकेनं बजावलं होतं. ओवेरी शहरातल्या या शाळेत सव्वीस वर्षं इग्बो शिकवायचं, तेही इग्बो पोरांनाच, आणि दर वर्षी त्यांच्या हातापाया पडत फिरायचं. बाईंना आता त्याचा वीट आला होता.

पाचवी ओलाएडो. ती तयार होती. मंगळवारी बाईंनी म्हणी विचारल्या, तेव्हा सगळा वर्ग छताकडे बघत बसला. ओलाएडो मात्र उठली आणि आपली आजी बाजारात उबेची फळं विकणारीशी कशी हुज्जत घालते, ते तिनं अस्सल इग्बोत करून दाखवलं. पोरं पोट धरून हसली. बाईही हसल्या, कित्येक महिन्यांनी.

मॉनिटर कामसी तेवढी खाली मान घालून लिहीत होती. शाळेच्या आवारात जो इग्बो बोलेल त्याचं नाव टिपायचं, हा नियम. तास इग्बोचाच आहे, हे सवयीपुढे तिच्या डोक्यातच आलं नाही. यादी उपमुख्याध्यापक आन्यादिकेंकडे गेली आणि ओलाएडोला शनिवारी मैदानातलं गवत कापायची शिक्षा झाली.

बाई तडक त्यांच्या खोलीत गेल्या.

"अहो सर, माझ्या तासाला बोलली ती. मीच बोलायला लावलं."

"यादीत तास कुठला ते लिहायची पद्धत नाही, बाई."

"मग माझंही नाव घाला. मी तर रोज बोलते."

"तुम्हाला त्याचा पगार मिळतो."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गावाकडून आई होती. जेवलीस का, गोळी घेतलीस का, सगळं इग्बोत. फोन ठेवून ते परत इंग्रजीवर आले. "एकीला सोडलं, तर उद्या सगळी म्हणतील आमचाही तोच तास होता."

कुंपणच शेत खायला लागल्यावर दाद मागायची कुणाकडे? बाई बाहेर आल्या.

शनिवारी कोरा अर्ज पिशवीत घालून त्या मैदानावर गेल्या. ओलाएडो वाकून कोयता चालवत होती. तळहाताला फोड आले होते.

"पोरी, हात दाखव बघू," बाई इग्बोत म्हणाल्या.

ओलाएडोनं आधी आन्यादिकेंच्या खिडकीकडे पाहिलं. मग इंग्रजीत म्हणाली, "काही नाही, मॅडम. आईनं माझा फ्रेंचचा अर्ज भरून टाकलाय. म्हणाली, जी बोलल्यावर गवत कापावं लागतं, त्या भाषेची परीक्षा देऊन काय मिळणार?"

बाईंना समजूत घालता आली असती. आजवर शेकडो पोरांची घातली होती. पण मुलीची नजर अजून खिडकीवरच होती. तिला आपल्याशी बोलायची भीती वाटतेय, हे बघून बाईंना भडभडून आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

"पुरे आता. घरी जा, फोडांना काहीतरी लाव," बाई म्हणाल्या, इंग्रजीत.