फाटकापर्यंत

मोडेम जळाला तो भर दुपारी. व्होल्टेज एकाएकी चढलं, कूलरचा पंखा पिसाटल्यासारखा फिरला आणि टीव्हीखालच्या फळीवरच्या काळ्या डबीतून जळक्या वायरचा वास आला. नागपूरच्या झिंगाबाई टाकळी भागातल्या त्या गल्लीत त्या दुपारी कुणाचा पंखा गेला, कुणाचा फ्रिज गेला. वामनरावांनी डबी हातात घेऊन हुंगली, "गेला हा," म्हणाले आणि पुन्हा लवंडले. रुखमाबाई मात्र ती डबी पुन्हा पुन्हा लावून बघत राहिल्या.

आता साठीच्या बाईचं वायफायवाचून एवढं काय अडतं, असं कुणीही विचारेल. भजनं ऐकायला आणि कळमेश्वरच्या लेकीचं तोंड बघायला मोबाइलचं नेट पुरतं. पण गोष्ट भजनांची नव्हती. गोष्ट सुशीलची होती, आणि ती रुखमाबाईंनी घरात कुणालाही कळू दिली नव्हती. घरात कुणालाही म्हणजे वामनरावांना, कारण तिसरं माणूस उरलंच नव्हतं.

सुशील त्यांचा धाकटा. वामनरावांनी खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रात जन्म काढला होता. निवृत्त होताना दहा जणांसमोर मान खाली घालून त्यांनी पोराला तिथंच कंत्राटावर चिकटवलं, आणि पोरगा महिनाभरात सोडून आला. मला राखेत जन्म काढायचा नाही, म्हणाला. वामनरावांचं डोकं फिरलं. "त्याच राखेवर वाढला तू! आता या फाटकाच्या आत पाय ठेवू नको," ते ओरडले. पोरगाही त्यांचाच. "तुमी बोलावल्याबिगर येनार नाई," असं म्हणून त्यानं बॅग उचलली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाडीला, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला लागला. तिथंच भाड्यानं खोली केली. बापानं बोलवायचं नाही, लेकानं यायचं नाही. दोघांच्या हट्टात आईचा जीव मधल्यामध्ये भरडून निघत होता, आणि त्याचं दोघांनाही सोयरसुतक नव्हतं.

फोनवर बोलणं व्हायचं. जेवला का, हो. तब्येत बरी का, हो. 'घरी ये' म्हटलं की तिकडून फोन बंद.

पण तो जुना मोडेम सुशीलनं बसवलेला होता. वायफायला नावही त्यानं आपलंच दिलं होतं, आणि कोणता फोन जोडला, कोणता तुटला हे सांगणारं अ‍ॅप आईच्या मोबाइलमध्ये टाकून दिलं होतं. एकदा जोडलेला फोन पुन्हा टप्प्यात आला की आपोआप जोडला जातो. थंडीत एका संध्याकाळी रुखमाबाई भाकरी थापत असताना मोबाइल वाजला आणि त्यावर ओळ उमटली: 'सुशीलचा फोन जोडला.' त्या पिठाच्या हातांनी तशाच बाहेर धावल्या. फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली गाडी सुरू झाली आणि भुर्रकन निघून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस तो फिरकला नाही.

तेव्हापासून त्या शहाण्या झाल्या. मोबाइल वाजला की गॅस बारीक करायच्या आणि ओट्याला धरून गप्प उभ्या राहायच्या. थोड्या वेळानं दुसरी ओळ यायची: 'सुशीलचा फोन तुटला.' पोरगा आला होता, निंबाखाली उभा राहिला, घराकडे बघून गेला. त्या रात्री त्यांना दोन घास जास्त जायचे. फोनवर त्यांनी ही गोष्ट कधी काढली नाही. काढली असती तर त्यानं लाजून येणंच बंद केलं असतं, हे त्या जाणून होत्या.

आणि आता ती डबीच जळली होती.

नवा घ्यायला दोघं सीताबर्डीला गेले. दुकानदारानं चार-पाच खोके पुढ्यात मांडले. कुणाला दोन अँटेना, कुणाला सहा. वामनरावांनी चष्मा कपाळावर ढकलून प्रत्येक खोक्यावरचं बारीक अक्षर वाचायला घेतलं, जसं काही वीज केंद्राचं टर्बाइनच विकत घ्यायचं होतं.

"काकाजी, दोन बँडवाला घ्या," दुकानदार म्हणाला. "एक बँड फास्ट असते, पण भिंतीतच मरते. दुसरी जरा स्लो, पण दूर जाते."

"दूर जाते तोच द्या," रुखमाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

वामनरावांनी मान वळवली. "तुले कुठं दूर जाचं हाय वं? घरात माणसं दोन."

रुखमाबाईंनी एक खोका उलटा करून बघायला घेतला. दुकानदार मात्र रंगात आला होता. "कोणताही घ्या, पण एक ध्यानात ठेवा काकाजी. लोखंड अन् पाणी मधात आलं का सगळेच फेल. कपाटात ठेवू नका, टाकीजवळ ठेवू नका." वामनरावांनी घासाघीस करून चार अँटेनावाला घेतला. लांब जाणारा बँड त्यात आहे, हे रुखमाबाईंनी हळूच विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी इंटरनेटवाल्यांचा सौरव बसवायला आला. तार टीव्हीपाशीच येत होती, म्हणून नवा मोडेमही त्याच फळीवर बसला. हिरवे दिवे लागले. सौरवनं मोबाइल काढला आणि विचारलं, "नाव काय टाकू, काकाजी?"

रुखमाबाई दारातच ताकाचा पेला घेऊन उभ्या होत्या.

"जुनंच राहू द्या ना," त्या म्हणाल्या. "टीव्हीले, माया फोनले, सगळ्याइले पुन्हा जोडावं लागन."

"तो जोडून देईन. त्याचं कामच हाय ते." वामनराव त्यांच्याकडे न बघता बोलले. "जुनं नाव नाई पाहिजे मले. वामनराव टाक."

झालं. एका माणसाच्या रागानं एका शब्दात पोराची वाट बुजवली. रुखमाबाईंना तिथंच ओरडावंसं वाटलं, पण त्यांनी पेला सौरवच्या हातात दिला आणि तो निघाला तशा त्याच्यामागून फाटकापर्यंत गेल्या.

"बापू, जुनं नाव, जुना पासवर्ड, तेबी राहीन असं काही करता येते का?"

"येते ना काकू. पाहुण्याइसाठी दुसरं नाव देता येते. आणा फोन." त्यानं स्क्रीनवर बोट फिरवलं आणि कपाळाला आठी घातली. "इथं पकडून नाई राहिलं. वरांड्यात चला."

वरांड्यात, म्हणजे दारापाशी. आणि आत दाराला लागूनच वामनराव बसलेले. सौरव भिंतीला टेकून बटणं दाबत होता, रुखमाबाई त्याच्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या होत्या. पासवर्ड त्यांनी त्याच्या कानात सांगितला.

"काय वं, गेला का तो पोट्टा?" आतून हाक आली.

"जाऊन राहिला!" त्या ओरडल्या. आवाज चोरासारखा निघाला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरासाठी चोरी करावी लागते याची त्यांना लाज वाटली आणि त्याहून जास्त चीड आली. सौरवनं त्यांच्या सांगण्यावरून ते 'जोडला-तुटला' सांगणारं अ‍ॅपही नव्या मोडेमला लावलं आणि फोन परत दिला. "झालं. काकाजीइले मी काई सांगत नाई," तो हसून म्हणाला.

मग वाट बघणं सुरू झालं. संध्याकाळ झाली की रुखमाबाई मोबाइल ओट्यावर उभा करून ठेवायच्या. आला मंगळवार, गेला शनिवार, मोबाइल वाजेना. आजारी तर नसेल? ट्रकवरून पडला तर नसेल? त्यांनी फोन लावला. जेवला का, हो. तब्येत बरी का, हो. आवाज नेहमीपेक्षा कोरडा होता.

शेवटी एका सकाळी त्या मोबाइल घेऊन फाटकापर्यंत चालत गेल्या. वरांड्यात रेंजच्या दांड्या भरलेल्या, पायरीवर दोन, आणि फाटकाशी वायफायचं चिन्हच गायब. त्यांनी मागं वळून घराकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. समोरच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर बसला होता, माणूस आत बसेल एवढा, पत्र्याचा, गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेला. दरवर्षी मार्चात चढायचा. यंदा वामनरावांनी दुरुस्तीला दिला होता, तो मोडेम जळायच्या दोनच दिवस आधी येऊन बसला होता. मोडेम आणि फाटक यांच्या बरोबर मधोमध.

लोखंड अन् पाणी.

त्यांनी आत जाऊन मोडेम फळीच्या टोकाला सरकवून पाहिला. तार पुरेना.

"काय करून राहिली तिथं?" मागून आवाज आला.

"धूळ पुसून राहिली."

वामनराव पेपर घेऊन वरांड्यात गेले. पण संध्याकाळी त्यांचा स्वतःचा फोन जोडला जाईना, तेव्हा त्यांनी चष्मा लावून वायफायची नावं उघडली. रुखमाबाई समोर भाजी निवडत होत्या. वामनरावांचं बोट एका नावावर थांबलं.

"हे सुशील कोनाचं नाव हाय?"

"शेजारच्याइचं असन."

"शेजारी कोनी सुशील नाई." त्यांनी मान वर केली नाही. रुखमाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. आता आरडाओरडा होणार, आता सौरवला फोन जाणार, नाव पुसलं जाणार. पण वामनरावांनी चष्मा काढला, फोन पालथा ठेवला आणि म्हणाले, "जेवाले वाढ." त्या गप्प बसण्याची रुखमाबाईंना ओरडण्याहून जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांचा डोळा लागला. जाग आली ती घामानं निथळत. कूलरचा आवाज नव्हता. लाइट गेली म्हणावं तर वरचा पंखा गरगरत होता. त्या बैठकीत आल्या आणि थबकल्या. खिडकी मोकळी होती. तिच्यातून नागपुरातल्या मे महिन्याचं ऊन सरळ आत येऊन मोडेमवर पडलं होतं. बाहेर स्टँड रिकामा, खाली सांडलेलं पाणी, आणि कूलर फरफटत नेऊन बाजूच्या बोळात टाकलेला. वामनराव फाटकापाशी भर उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून उभे होते. हातात फोन.

"अवो, लू लागन ना! काय करून राहिले तुमी?" त्या अनवाणीच धावल्या.

"दोन दांड्या येऊन राहिल्या इथं," वामनराव म्हणाले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, पत्रा लागून बोट कापलं होतं. "निंबाखाली एक येते. तेवढी पुरते."

रुखमाबाई पदर त्यांच्या बोटाला गुंडाळता गुंडाळता थांबल्या. "तुमाले... माहीत होतं?"

"टाकी पाहाले गच्चीवर जातो ना मी. वरून निंबाखालचं सगळं दिसते." त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, ते पुसणं जरा लांबलं. "मोडेम जळल्यावर आला होता तो. खिशातून फोन काढला, पाह्यला, वर करून पाह्यला. मंग असं तोंड झालं त्याचं... अन् निंगून गेला. आपन त्याले तोडलं, असं वाटलं असन त्याले."

"अन् तरी तुमी नाव बदलवलं?"

"रागात होतो. काल ते नाव दिसलं अन्..." वामनरावांनी बोळातल्या कूलरकडे मान वळवली.

"मंग वरून हाक काहून नाई मारली इतके दिवस?" रुखमाबाईंचा संताप आता बाहेर पडला.

"तुले पाहून पळाला तो," वामनराव हळूच म्हणाले. "मले पाहून थांबला असता का?"

कूलरशिवाय ते दिवस कसे काढले ते त्या दोघांनाच ठाऊक. भिंती हाताला चटके देत होत्या. ओला दुपट्टा अंगावर घ्यायचा, तो वाळला की पुन्हा भिजवायचा. शेजारी विचारायचे, कूलर बिघडला काय? वामनराव म्हणायचे, हो. कूलर बोळातच पडून होता. रोज संध्याकाळी दोघं बैठकीत मोबाइल मधे ठेवून बसायचे आणि एकमेकांकडे बघायचं टाळायचे. तो आता येणारच नसला तर, हा प्रश्न दोघांच्याही ओठावर होता आणि विचारायची छाती कुणालाच होत नव्हती.

एका संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला मोबाइल वाजला.

'सुशीलचा फोन जोडला.'

रुखमाबाईंनी तोंडावर पदर दाबला. त्या हलल्या नाहीत. हलायचं नाही हे त्या मोठी किंमत देऊन शिकल्या होत्या. वामनराव उठले. "जाऊ नका," त्या कुजबुजल्या, "पळून जाईन तो." पण ते चपला घालून बाहेर पडलेच होते.

ते फाटकाकडे गेले नाहीत. निंबाकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ बोळात गेले, कूलरच्या एका कडेला हात घातले आणि जोर लावला. कूलर तसूभर उचलला गेला आणि धाडकन खाली आला. बाहेर गाडीला किक बसल्याचा आवाज झाला. रुखमाबाईंनी खिडकीचे गज धरले.

वामनरावांनी पाठ सरळ केली. वीज केंद्रात यंत्रांच्या घरघरीवर चढवून बोलायचा त्यांचा तो जुना आवाज कितीतरी महिन्यांनी निघाला.

"सुशील! कूलर चढवाचा हाय स्टँडवर. एकट्यानं उचलत नाई मले!"

गाडी धडधडत राहिली. मग बंद झाली. फाटकाची कडी वाजली.

सुशील बोळात आला तो मान खाली घालून. वाळला होता, दाढी वाढली होती. त्यानं दुसरी कडा धरली. "खालून धर, पत्रा कापते," वामनराव म्हणाले. दोघांनी मिळून कूलर उचलला, धापा टाकत वरांड्यात आणला आणि स्टँडवर चढवला. सुशीलची नजर खिडकीतून आत मोडेमवर गेली, मग कूलरवर, मग फाटकावर. त्याला सगळं कळलं असावं.

"बाबा, हा इथं ठेवला तर फाटकापर्यंत रेंज नाई येनार."

"नाई आली तरी चालते," वामनराव म्हणाले. "आत ये."