पाकिटावरचा पत्ता

त्याला सगळे बटण्या म्हणत. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या अवाढव्य लाँड्रीत संगणकाचं काही अडलं की एकच हाक, "बटण्याला बोलवा." त्याला तिथं चिकटवलं होतं सख्ख्या मावशीनं. ती पाठवणीच्या खोलीत बसून कुठला गठ्ठा कुठल्या गाडीत चढवायचा ते बघायची, आणि साऱ्या लाँड्रीचीच मावशी होती. आई गेल्यावर बटण्याला वाढवलंही तिनंच. त्याची नोकरी, जेवण आणि अक्कल तिन्ही माझ्याच कृपेनं, असं ती सगळ्यांदेखत सांगायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

कामगारांना नाव न सांगता तक्रार करता यावी म्हणून बटण्यानं एक सेवा बनवली होती. फोनवर निरोप लिहायचा, तो सर्व्हरकडे जायचा, तिथला हँडलर तो उचलून साहेबांच्या पेटीत टाकायचा. हँडलर म्हणजे निरोप हाताळणारा कोडचा तुकडा, दुसरं काही नाही. आता निरोप येतो तो रिक्वेस्टच्या पाकिटातून, आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतोच. पण हँडलरच्या हाती पडायची ती आतली चिठ्ठी तेवढी. पाकीट बाहेरच राहायचं. "निर्धास्त लिहा!" असं भाषण साहेबांनीच तर ठोकलं होतं. लोकांनी लिहिलं. मग साहेबांना मिरच्या झोंबल्या.

"हे कोण लिहितंय ते मला कळलं पाहिजे," ते बटण्याच्या खुर्चीमागे येऊन म्हणाले.

"कळायचं नाही साहेब. हँडलरला रिक्वेस्ट दिसतच नाही, फक्त मजकूर दिसतो."

"मग दिसेल असं कर. का जमत नाही तुला?"

हे 'जमत नाही' नडलं बघा. सरळ नाही म्हणून मोकळं व्हायचं, तर हा गडी पेटला! तहानभूक विसरून खपला. इकडे जोडून बघ, तिकडे तोडून बघ, आणि शेवटी हँडलरच्या आतूनच अख्खी रिक्वेस्ट हाती लागली. "सापडलं!" म्हणून तो ओरडला तेव्हा स्वारीला आभाळ ठेंगणं झालं होतं. आपण हे कशासाठी शोधतोय, ते तो पार विसरला होता.

त्यानंतर आलेल्या प्रत्येक निरोपावर मात्र एकच पत्ता निघाला. कुठल्या संगणकाचा, साहेबांनी विचारलं. बटण्या टाळाटाळ करू लागला, पण साहेबांनी चौकशी केलीच. तो पाठवणीच्या खोलीतला निघाला, मावशीचा.

"तुझी मावशी असेल, माझी नाही," साहेब म्हणाले. "उद्यापासून ही बाई मला इथं दिसता कामा नये."

"नाही हो साहेब! चूक माझी आहे. कामगारांचे फोन थेट सर्व्हरशी बोलत नाहीत. मावशीचं मशीन मध्ये आहे, ते निरोप नुसते पुढे ढकलतं. जोडणी मीच केलीय तशी. म्हणून तिचा पत्ता दिसतोय."

"मग खरे कोण, दाखव."

आणि त्यानं दाखवलं. मधलं मशीन निरोप पुढे ढकलताना मूळ पाठवणाऱ्याचा पत्ता पाकिटाच्या कोपऱ्यात लिहून ठेवतं. हँडलरनं तो कोपरा वाचायचा, बस्स, एका ओळीचं काम. फोन वायफायला जोडताना त्यानंच ते नावानिशी नोंदले होते, त्यामुळे पत्त्यांमागून धडाधड माणसं उभी राहिली. इस्त्रीवाल्या बायका, धुलाईवाले, दोघे ड्रायव्हर. मावशी कुठेच नव्हती. बटण्याच्या जिवात जीव आला. मावशी वाचली, बाकीचे आपलं बघून घेतील, असंच त्याच्या मनात आलं. खोटं कशाला बोला?

साहेबांनी एकेकाला केबिनमध्ये घेतलं. पोटावर पाय येतोय म्हटल्यावर माणसं गळाठली. जो तो एकच सांगू लागला, "आम्ही आपणहून कुठं लिहितोय साहेब! मावशी म्हणाल्या लिहा, नाव कळत नाही."

"एवढ्यांना काढलं तर चादरी काय मी धुऊ?" साहेब बटण्याला म्हणाले. "त्यांना दम भरलाय, तेवढा पुरे. फूस लावणारी एकच आहे." मावशीला त्याच दुपारी घरी बसवलं. वर बटण्याची पाठ थोपटली. "काम मात्र चोख केलंस हो!"

घरी मावशी भांडी घासत होती. बटण्या तणतणतच आत आला. "कृतघ्न लेकाचे! सगळं तुझ्यावर ढकललं आणि सुटले."

"त्यांना काही बोलू नकोस. खरं तेच बोलले ते," मावशी म्हणाली. "मीच सांगितलं होतं. म्हटलं, माझ्या भाच्यानं बनवलंय, माझा शब्द आहे, नाव फुटायचं नाही."

बटण्या तिच्याजवळ येऊन बसला. "मी तुला वाचवायला केलं गं."

"ते दुसऱ्यांदा. पहिल्यांदा कुणासाठी केलंस?"

मावशीनं हात पुसले.

"जाऊ दे. माझं मी बघीन. रोलरला जाळी बसवणार आहेत का, ते सांग."

"कुठल्या रोलरला?"

मावशी त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, इस्त्रीच्या मोठ्या रोलरला! काम भराभर उरकावं म्हणून जाळी काढून ठेवलीय. बायका उघड्या रोलरमध्ये चादरी सारतायत, परवा एकीची बोटं जाता जाता राहिली. सगळ्यांनी तेच तर लिहिलं होतं. निरोप तुझ्याच हातून गेले ना रे?"

गेले होते, एकूण एक. त्यानं फक्त पत्ते वाचले होते.