'अ.' या अक्षराचा अर्थ

बँकेच्या नोंदवहीत तिच्या नावाआधी 'अ.' होता. अठरा पूर्ण न झालेल्या माणसाला कायद्याच्या मराठीत 'अज्ञान' म्हणतात, तो 'अ.' त्याचा. खिडकीवरच्या कारकुनाने तो नावाचे आद्याक्षर समजून तिला चेकबुक दिले आणि आई गेल्यावर अकरा महिने तिचे अकरा चेक वटवले. सगळे घरभाड्याचे. त्या महिन्यांत तिच्याशी आपण होऊन बोलणारा माणूस तेवढाच एक. "सही आज तिरकी गेलीय," तो म्हणायचा, "जेवलीस ना?" ती हो म्हणायची. बहुधा ते खोटे असायचे.

मामा तिचे कायदेशीर पालक. बहिणीच्या आजारपणात त्यांना यायला सवड झाली नव्हती. खाते तपासायला झाली. अज्ञान मुलीची सही ही सहीच नव्हे, सबब दिलेले पैसे दिलेच नाहीत असे समजून बँकेने ते पुन्हा भरावेत, हा त्यांचा दावा. म्हणजे कायद्याच्या लेखी ती अकरा महिने कुठेच राहत नव्हती. बँकेने भुर्दंड कारकुनाच्या माथी मारायचे ठरवले. पळवाट एकच होती: तिने वय खोटे सांगितले असेल, तर दावा पडला आणि कारकून सुटला.

बँकेच्या चौकशीत तिने घोकून आणलेले वाक्य म्हटले, की वय मीच वाढवून सांगितले, खिडकीवरच्या काकांची चूक नाही. वय त्याने कधी विचारलेच नव्हते. कारकुनाने तोंड उघडले आणि मिटले. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती.

मामा हसले. "अहो, ओठ पिळले तर दूध निघेल हिच्या. हिचं काय ऐकता?"

चौकशी अधिकाऱ्याने मात्र जबाब उतरवून तिच्यापुढे सरकवला. तिने सही केली, या खेपेस अगदी सरळ. त्याने ती न्याहाळली आणि कागद मामांकडे वळवला.

"मुलगी अज्ञान आहे. पालकांची सही असली, तरच जबाब धरता येईल."

मामांनी पेनाला टोपण लावले आणि पेन खिशात ठेवले.

पुढच्या महिन्यात ती बँकेत गेली. चेक नव्हता. काकांनी विचारले तर खोटे बोलावे लागू नये, म्हणून जेवून गेली होती.

खिडकीत नवा माणूस होता. त्याने वय विचारले.